सात नंबरचं उलटं चाक

"मग वारा जातो कुठं?"

बुवांनी विचारलं, आणि मॅडम पहिल्यांदाच गप्प झाल्या.

तोवर त्या अर्धा तास बोलत होत्या. माझी बिडी विझली, मी परत पेटवली, परत विझली, तरी बोलणं चालूच होतं.

मॅडम म्हणजे डॉक्टर कालिंदी राजाध्यक्ष, पुण्याच्या. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, वाऱ्याच्या डॉक्टर. वाऱ्याचीही डॉक्टरकी असते हे मला त्याच महिन्यात कळलं.

बुवा म्हणजे रंभाजीबुवा वायदंडे. वय त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. भैरोबाच्या देवळामागं बसून ते घायपाताचे दोर वळतात. लोक दोर न्यायला येतात आणि जाता जाता मनातलं काहीबाही बोलून मोकळे होतात. बुवा उत्तर देत नाहीत, उलट प्रश्न विचारतात. मला त्याचा पहिल्यापासून राग येतो.

आणि मी जालिंदर. गावच्या पाण्याच्या पंपावर असतो. पंप चालत नाही, म्हणून मग बुवांच्या शेजारी असतो.

आमचं मोरसडा पठारावर आहे. पठारावर कंपनीच्या पवनचक्क्या, आम्ही त्यांना चाकं म्हणतो. वाऱ्याच्या दिवसांत सगळी पश्चिमेकडं तोंड करून उभी. त्यातलं सात नंबर नेमकं आमच्या वाऱ्याच्या वाटेत. त्याच्या मागं, गावाच्या अंगाला, गावचं स्वतःचं एक चाक. बावीस वर्षांपूर्वी चाकं उभी राहिली तेव्हा कंपनीनं दुसरीकडचं जुनं झालेलं एक गावाला देऊन टाकलं, आणि त्यावर आमचा पंप जोडला.

पाणी खाली दरीतल्या विहिरीत. रात्रभर झऱ्यानं ती भरते. तांबडं फुटायच्या आधीपासून ऊन विहिरीच्या काठावर येईपर्यंत उपशाची पाळी आमची. त्यानंतर खालच्या वाडीची. ही पाळी कुणी लिहून ठेवलेली नाही आणि कुणी मोडतही नाही.

आणि गावचं चाक नेमकं त्याच वेळी अडायचं. दुपारी बघावं तर गरगर फिरतंय. पण दुपारी पाळी खालच्या वाडीची. ते लोक आमच्या चाकाला शोभेचं चाक म्हणायचे आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

मग बायकांनी तीनशे बारा पायऱ्या उतरायच्या आणि डोक्यावर हंडा घेऊन चढायच्या. माझी अनसा गेल्या वैशाखात पायरीवरून घसरली. गुडघा गेला तो गेलाच. तरी ती उतरते. मी पंपवाला, आणि माझी बायको दरीतून पाणी आणते. मला लाज वाटते, दुसरं काय वाटणार.

आमच्याकडं पाहुणा आला तर त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. पाणी ठेवत नाहीत. पाहुणाही मागत नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांना हे माहीत आहे, आणि मोरसड्यात मुलगी द्यायची म्हटलं की लोक दोनदा विचार करतात.

मॅडमना जिल्ह्यानं पाठवलं होतं. गावचं चाक आहे तिथं ठेवायचं की उपटून दुसऱ्या गावाला द्यायचं, ते त्यांनी आठ दिवसांत लिहून द्यायचं. त्या दिवशी अंधारातच त्या चाकापाशी येऊन उभ्या राहिल्या, डबीएवढं एक यंत्र बघितलं आणि मला म्हणाल्या, "काढावंच लागेल, जालिंदरभाऊ. जागाच चुकली आहे."

मी त्यांना बुवांकडं घेऊन आलो. का आणलं ते विचारू नका. हात टेकले की माणूस देवळामागं जातो.

"वारा जातो कुठं म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"पुढच्या चाकानं घेतला म्हणतीस. समदा घेतला?"

"सगळा नाही, थोडा. पण प्रत्येक चाकामागं वाऱ्याची सावली पडते. त्या सावलीत वारा मंद असतो. तुमचं चाक बरोबर त्या सावलीत उभं आहे."

"दुपारी सावली पडत न्हाई व्हय?"

"पडते, पण टिकत नाही." मॅडम लहान पोराला समजावतात तशा बोलत होत्या. "दुपारी जमीन तापते. हवा खालीवर घुसळते. बाजूचा वारा सावलीत शिरतो आणि ती लगेच भरून जाते. पहाटे जमीन गार असते, हवा थर धरून पडून राहते. सावली मोडत नाही, लांबच लांब जाते. यात नवीन काही नाही बुवा, पुस्तकात आहे सगळं."

"मंग उपाय बी पुस्तकात असंल."

"आहे. चाक दुसरीकडं हलवा."

बुवांनी मान हलवली. कंबरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि मॅडमच्या हातावर ठेवला.

मॅडमनी गूळ तोंडात टाकला. सवयीनं इकडंतिकडं पाहिलं.

मी जमिनीकडं बघायला लागलो.

"पानी मागू नगंस, लेकी," बुवा म्हणाले. "मागितलंस तर मला द्यावं लागंल."

...

बुवांच्या शेजारी शेकोटी होती. पहाटे दवानं वाख, म्हणजे घायपाताचा धागा, मऊ राहतो, म्हणून ते त्याच वेळी दोर वळतात, आणि बोटं आखडतात म्हणून शेकोटी. तिचा धूर सरळ वर चालला होता.

"वाऱ्याकडं पाठ कर," बुवा म्हणाले.

मॅडमनी पाठ केली. बहुधा म्हाताऱ्याचं मन राखायला.

"धूर वर जाऊन कुठं वळतुय?"

"उजवीकडं. पहाटे वरचा वारा खालच्या वाऱ्यापेक्षा उजवीकडं वळलेला असतो. मी तो चार उंचींवर मोजला आहे." त्या वळून बुवांसमोर उभ्या राहिल्या. "बुवा, इथं यंत्रं लावून मी पुण्यातून वर्षभर या पठारावरचा वारा मोजला. वेग, दिशा, उष्णता, दाब, दमटपणा. या वाऱ्याबद्दल मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही."

बाई जरा नाकानं कांदे सोलतेय, असं मला वाटलं. बुवांना तसं वाटलं की नाही, कळलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "सात नंबर कुठल्या अंगानं फिरतंय?"

"घड्याळाच्या काट्यांसारखं. सगळीच तशी फिरतात."

मॅडमनी हे न बघताच सांगितलं. बुवांनी मात्र मान वर केली आणि सात नंबरकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाले, "कुणी ठरवलं?"

"काय?"

"अंग. ह्याच अंगानं फिरायचं, ह्ये कुणी ठरवलं?"

"कुणी म्हणजे... ठरलेलंच आहे ते. पहिल्यांदा ज्यांनी केली त्यांनी तशी केली. मग सगळ्यांनी तशीच केली."

"त्ये मोजलंस?"

"त्यात मोजायचं काय? सगळी एकाच बाजूला फिरतात."

बुवा हसले. मला ते हसू ओळखीचं आहे. त्यानंतर माणसाचं काही खरं नसतं.

त्यांनी तयार दोराचा हातभर तुकडा मॅडमपुढं टाकला.

"उकल."

मॅडमनी दोर दोन्ही हातांत धरला आणि ओढला. दोर आवळला. नखं घालून पाहिली. घायपाताचा दोर तो, नखांना काय ऐकतोय. त्यांच्या बोटात कुसळ गेलं, पण त्यांनी दोर सोडला नाही. हट्टी बाई, तेवढं कबूल करायला पाहिजे.

"ओढून कसा उकलंल," बुवा म्हणाले. "ओढलं की दोघं एकमेकाला जास्तच धरतात."

"कोण दोघं?"

बुवांनी वाखाच्या दोन बटा घेतल्या. एक मांडीवर ठेवून तळहातानं पुढं लोटली. ती पिळत गेली. दुसरीही तशीच, त्याच अंगानं. मग दोन्ही पेड एकत्र धरले आणि आता हात उलटा, मागं ओढून, एकमेकांभोवती वळले. हात काढून घेतला. दोर तसाच राहिला.

"पेडाला पीळ हिकडं. दोराला पीळ तिकडं. दोघं अडून बसल्यात. म्हणून दोर हाय."

मॅडम बघत राहिल्या.

बुवांनी आणखी दोन बटा घेतल्या. दोन्हींना पहिल्यासारखाच पीळ दिला. पण या वेळी हात उलटा केला नाही. पेडांचा पीळ ज्या अंगाला, त्याच अंगाला दोर वळला. दिसायला अगदी दोरच.

"धर."

मॅडमनी एक टोक धरलं. दुसरं टोक बुवांच्या हातात होतं.

त्यांनी ते सोडलं.

दोर हवेत भिरभिरला, फुगला, आणि मॅडमच्या हातात मोकळा वाख उरला.

...

मॅडमनी वाखाकडं पाहिलं. मग शेकोटीच्या धुराकडं. मग सात नंबरकडं.

परत वाखाकडं.

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ह्यांना चक्कर येणार. मी उठून उभासुद्धा राहिलो.

त्यांनी तो मोकळा वाख पर्समध्ये घातला आणि तशाच गाडीकडं चालायला लागल्या.

"काय झालं ह्यांना?" मी बुवांना विचारलं.

"मला काय ठावं," बुवा म्हणाले. "मी दोर वळतुय."

चार दिवस मॅडमचा पत्ता नव्हता. डोंगराखालच्या विश्रामगृहात दार लावून बसल्यात, जेवायलासुद्धा बाहेर येत नाहीत, असं कानावर आलं. पाचव्या दिवशी पहाटे माझ्या पंपाच्या दारात उभ्या. डोळे तांबडे, केस विस्कटलेले, आणि तोंडावर असा आनंद की मलाच बरं वाटलं.

त्यांनी सांगितलं, तसं सांगतो.

"चाक एका अंगानं फिरतं, जालिंदरभाऊ. पण त्यानं ढकललेला वारा मागच्या बाजूला दुसऱ्या अंगानं पिळत जातो. वाऱ्याकडं पाठ करून बघितलं तर सात नंबरच्या मागं त्याचा वरचा भाग डावीकडं पिळतो. आणि पहाटे वरचा वारा उजवीकडं ओढतो."

"दोन पीळ," मी म्हणालो.

"दोन पीळ. एकमेकांना अडून. म्हणून सावली दोरासारखी घट्ट राहते आणि नेमकी तुमच्या चाकावर येऊन पडते. पण सात नंबर दुसऱ्या अंगानं फिरलं तर दोन्ही पीळ एका बाजूला होतात. सावली पसरते, सुटते, बाजूचा वारा आत शिरतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी पीळच टिकत नाही. चाक कसंही फिरू दे, तुम्हाला फरक कळणार नाही. फरक आहे तो फक्त तुमच्या पाळीच्या वेळी."

मी विचारलं, किती फरक. त्या म्हणाल्या, पाचवा हिस्सा जोर जास्त, गणित तरी तसं सांगतंय. मी म्हणालो, एवढ्यावर पंप उचलेल? त्या म्हणाल्या, पंप उचलायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जरासं अलीकडंच तुमचं चाक अडतंय.

बावीस वर्षं आम्ही जरासं अलीकडं अडलो होतो.

मॅडमनी जिल्ह्याला लिहून दिलं. गावचं चाक हलवू नका, पुढच्या चाकाचं अंग बदला.

कंपनीचे केळुसकर साहेब ते वाचून आधी हसले. मग हसता हसता थांबले. सात नंबरचं डोकं, म्हणजे वरची पाती आणि आतलं यंत्र, जुनं झालं होतं, यंदा बदलायचंच होतं. आणि त्यांच्या आवारात एक डोकं दोन वर्षांपासून पडून होतं, गवत वाढलेलं. कारखान्यात कुणीतरी चाकाचं पाठीमागून काढलेलं चित्र समोरून काढलंय असं समजला होता. पाती उलट्या साच्यात ओतली गेली, आतलं यंत्रही त्यांना जुळवून बसवलं, आणि सगळं झाल्यावर कळलं की हे उलटं फिरणार. बाकीची सगळी एका अंगानं फिरत असताना मध्येच एक उलटं कुठं लावायचं? कुणी लावलं नाही.

"न्या," केळुसकर साहेब म्हणाले. "माझी जागा तरी मोकळी होईल."

मी नाचतच गावात आलो. पण गावाचं पाणी काही एवढ्यात निघायचं नव्हतं.

भैरोबाच्या पुढं सभा भरली. वारा पश्चिमेचा, चांगला वाहत होता. बायकाही आल्या होत्या. अनसा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती.

आमचे गुरव, बाबाजी गुरव, उभे राहिले. माणूस वाईट नाही. देवाचं मनापासून करतो.

"आपण आरती कुठल्या अंगानं ओवाळतो?" त्यांनी विचारलं. "प्रदक्षिणा कुठल्या अंगानं घालतो? आणि देवाच्या समोर, आभाळात, येवढं मोठं चाक उलटं फिरवायचं? रातंदिस? मला पटत न्हाई. पानी पायजे, पर देवाला उलटं ओवाळून नको."

पुढच्या रांगेतल्यांनी माना हलवल्या.

मॅडम उठल्या. त्यांनी धुराबद्दल सांगितलं, पिळाबद्दल सांगितलं, पाचव्या हिश्शाबद्दल सांगितलं. सगळं खरं होतं. लोक त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मान मात्र एकाचीही हलत नव्हती. बोलता बोलता मॅडमचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे एवढ्यासाठी तुम्ही..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं गिळून टाकलं.

मी अनसाकडं पाहिलं. ती गुडघा चोळत होती. आता सगळं संपलं, असं मी धरून चाललो.

कोपऱ्यातून बुवा म्हणाले, "बाबाजी."

"काय बुवा?"

"जरा पायरीवर उभा ऱ्हा. देवाकडं पाठ नगं, कडंनं उभा ऱ्हा. आता सात नंबरकडं बघ."

बाबाजी पायरीवर जाऊन उभे राहिले. देऊळ गावात, गाव चाकांच्या मागं. लांब सात नंबर फिरत होतं, आमच्याकडं पाठ करून.

"कुठल्या अंगानं फिरतंय?"

बाबाजींनी बोट वर केलं. हवेत बोट चाकाबरोबर फिरवलं. एक फेरा. दुसरा फेरा.

बोट मध्येच थांबलं.

...

"सांग की," बुवा म्हणाले.

"उलटं," बाबाजी म्हणाले.

आता सगळ्यांनीच माना वळवल्या. जो तो हवेत बोट फिरवायला लागला. म्हाताऱ्याकोताऱ्या, शाळेतले मास्तर, सगळे. मीसुद्धा. बावीस वर्षं ज्या चाकांखालून गेलो, ती उलटी फिरतात हे मला त्या दिवशी दिसलं.

"बावीस वर्सं देवाला असंच ओवाळतंय," बुवा म्हणाले. "देव रागावला?"

बाबाजींनी गाभाऱ्याकडं पाहिलं.

"आता जे नवं लावायचं म्हणत्यात, त्ये हितनं कसं दिसंल?"

बाबाजींनी परत बोट वर केलं. आधी एकीकडं फिरवलं, मग दुसरीकडं. दुसरीकडचा फेरा पुरा झाला तेव्हा त्यांचा हात आपोआप आरती ओवाळल्यासारखा फिरत होता. ते त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला, पायरी उतरले आणि देवाला नमस्कार केला.

"लावा," ते म्हणाले.

बायकांमधून पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. मग सगळं गाव हसलं. बाबाजीही हसले. मॅडम तेवढ्या हसत नव्हत्या. त्या अजून पायरीजवळ उभ्या राहून सात नंबरकडं बघत होत्या.

"तू कुठनं बघत व्हतीस, लेकी?" बुवांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "समोरून." मग हळू आवाजात, "कायम समोरूनच."

बुवांनी शेजारची जागा हातानं झाडली. मॅडम येऊन तिथं बसल्या. बुवांनी त्यांच्या हातात वाखाच्या दोन बटा दिल्या, आणि त्या संध्याकाळी वाऱ्याच्या डॉक्टरनं मोरसड्याला पहिला दोर वळला. वाकडा होता. बुवांनी तो टाकला नाही, खुंटीला अडकवून ठेवला.

पाऊस सरल्यावर डोकं बदललं. पण हिवाळ्यात वारा पूर्वेचा, तोही कसाबसा, तेव्हा काही कळायला मार्ग नव्हता. खालच्या वाडीचे लोक म्हणाले, आता शोभेची दोन झाली. आम्ही ऐकून घेतलं.

चैत्रात वारा फिरला.

पहिल्या पहाटे मी पंपाच्या दारात बसलो होतो. अनसाला म्हणालो होतो, आज उतरू नको. ती म्हणाली, चाकाच्या भरवशावर चूल पेटत नाही. तरी हंडा घेऊन पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली. तिच्यामागं आणखी दहाबारा जणी.

हवा गार. शेकोटीचा धूर वर जाऊन वळला, दरवर्षी वळतो तसाच.

सात नंबर फिरायला लागलं. देवळाच्या बाजूनं बघितलं तर ओवाळल्यासारखं.

गावचं चाक उभंच होतं.

मी बघत होतो. एका पात्याचं टोक हललं असं मला वाटलं, पण तसं मला दर पहाटे वाटायचं.

मग ते खरंच हललं.

हळू, आळस दिल्यासारखं एक पातं खाली आलं. दुसरं त्याच्या मागून आलं. तिसरं आलं. मग पहिलं परत आलं आणि थांबलं नाही.

माझ्या पाठीमागं पंपानं हुंकार दिला. बावीस वर्षांत तो आवाज मी पहाटे ऐकला नव्हता. नळ दरीच्या बाजूनं खडखडला, दोन वेळा नुसती हवा सोडली, आणि टाकीत पाणी पडलं.

मी रडलो. लपवत नाही. पंपाच्या दांड्यावर डोकं टेकवून रडलो.

अनसानं हंडा खाली ठेवला. पायऱ्यांकडं पाठ केली. तशीच लंगडत टाकीपाशी आली आणि पडत्या पाण्याखाली दोन्ही हात धरून उभी राहिली, पदर भिजला तरी हलेना. बाकीच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. कुणीतरी ओवी म्हणायला लागली, दुसरीनं उचलली. बाबाजी गुरवांनी देवळातली घंटा वाजवली, आणि आरतीची वेळ नसताना का वाजवली म्हणून कुणी विचारलं नाही. खालच्या वाडीचे लोक काय झालं म्हणून वर बघत होते. मी त्यांना हात केला.

ऊन विहिरीच्या काठावर आलं तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरली होती. मी पंप बंद केला. पाळी ती पाळी.

मॅडम पुण्याहून निघून ऊन वर चढता चढता पोचल्या. गाडीतून उतरल्या त्याच पळत. काखेत संगणक. टाकीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं, आणि सरळ देवळामागं बुवांकडं. मी मागोमाग.

"बुवा, आकडे बघा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पहाटे चारपासूनचे आहेत. मी म्हणाले होते त्याहून जास्त निघालं. आता मी सगळीकडं लिहिणार आहे. जिथं जिथं चाकामागं चाक उभं आहे, तिथं पुढचं बदला म्हणून."

बुवा दोर वळत होते.

"अर्थात सगळीकडं नाही," मॅडम म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचत होतं. "विषुववृत्ताच्या पलीकडं वरचा वारा डावीकडं वळतो. तिथं जुनंच अंग बरोबर. म्हणजे उलट आणि सुलट हे चाकात नाहीच, बुवा. ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर, किती वाजलेत त्यावर, हवा कशी आहे त्यावर... हेच तुम्हाला म्हणायचं होतं ना? त्या दिवशी, दोर देताना?"

...

बुवांनी दोर बाजूला ठेवला. कंबरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि मॅडमच्या हातावर ठेवला.

मॅडमनी तो तोंडात टाकला. इकडंतिकडं बघितलं नाही. वर्षभरात त्यांना आमची रीत कळली होती.

"सांगा ना, बुवा. बरोबर आहे ना माझं?"

बुवांनी मागं हात घातला. अनसानं सकाळीच आणून ठेवलेला पितळी तांब्या तिथं झाकून ठेवला होता. त्यांनी झाकण काढलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता, उचलताना थोडं पाणी त्यांच्या मनगटावरून सांडलं, आणि बुवांनी ते सांडू दिलं.

"आधी पानी पी," बुवा म्हणाले.